घरच्या शेडला कोणता लेथ घ्यावा?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून टर्नर (लेथवर धातूचे भाग फिरवून कापणारा) म्हणून निवृत्त झालो. घरामागे दहा बाय चौदाची पत्र्याची शेड आहे. खाली कोबा, वीज सिंगल फेज. वडिलांच्या वेळचा चार फुटी, पट्ट्यावर चालणारा लेथ तिथे होता. त्याचा बेड (खालचा लांब पाया) चकाजवळ (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ) झिजलाय, हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या डाव्या भागाच्या) बुशांत खेळ आलाय, आणि गेल्या वर्षी शेडची दुरुस्ती करताना तो कलंडला आणि हेडस्टॉकचा पाय तडकला. मला वाफेच्या इंजिनाची चालती मॉडेल्स करायचा नाद आहे. सध्याच्या मॉडेलचं फ्लायव्हील बिडाचं, नऊ इंची आहे. शिवाय गावातली माणसं कडबाकुट्टीचे शाफ्ट, फवारणी पंपाचे भाग घेऊन येतात. पैसे घेत नाही, पण नाही म्हणवत नाही. बजेट दीड लाख. तीन पर्याय समोर आहेत. एक, बंद पडलेल्या युनिटमधला एचएमटीचा एनएच-२२ लेथ, भंगारापेक्षा थोड्या वरच्या भावात. दुसरा, राजकोटचा नवा साडेचार फुटी लाइट ड्यूटी. तिसरा मुलगा सुचवतो तो, ऑनलाइन मिळणारा टेबलावरचा चिनी मिनी लेथ. जन्मभर एनएच-२२ वर काम केलंय, मन तिकडेच ओढतंय. की जुनाच दुरुस्त करू? बायकोची अट एकच, आवाज फार नको.

उत्तर :

काका, नमस्कार.

पत्र वाचताना जाणवलं की तुमचं मशीन मनात ठरलेलं आहे, आता कुणीतरी हो म्हणायचं तेवढं राहिलंय. मी मात्र नाही म्हणणार आहे, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

एनएच-२२ मध्ये काही खोट आहे असं मुळीच नाही. १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी सुरू झाली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने तिथे लेथ बनू लागले, आणि त्यातूनच पुढे ही २२ ची मालिका आली. आपल्याकडच्या टर्नरांच्या कित्येक पिढ्यांचा हात या मशीनवर बसला. तुमचाही त्यावरच बसलाय. पण कारखान्यात त्या मशीनखाली फाउंडेशन होतं, डोक्यावर क्रेन होती, मागे थ्री फेजची लाइन होती आणि बिघडलं तर मेंटेनन्स खातं होतं. तुमच्या शेडमध्ये यातलं काहीच नाही.

मशीनचं वजन दोन टनांच्या आसपास. ते तुमच्या कोब्यावर ठेवलं की कोबा आज नाही तर पावसाळ्यात खचणार, आणि बेड पिळला की मशीन कितीही नामांकित असो, टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक जॉब) देणारच. मोटर दहा-पंधरा एचपीच्या घरातली. ती सिंगल फेजवर चालवायचा विचारही नको. मोटर बदलून तीन एचपीची बसवणारे लोक आहेत, पण एवढा मोठा गिअरबॉक्स नुसता फिरवण्यातच त्या मोटरची बरीच ताकद जाते. शिवाय घरामागे हायड्रा क्रेन वळेल का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुतेक घरांच्या बोळात ती वळत नाही. उद्या रीतसर थ्री फेज जोडणी घेतलीत, शेडमध्ये आरसीसीचं फाउंडेशन घातलंत आणि समोरून गाडी आत यायला वाट असली, तर माझं उत्तर बदलेल. पण या तिन्हीचा खर्च मशीनच्या किमतीला लागून येईल आणि दीड लाख केव्हाच ओलांडले जातील.

तेव्हा मशीनचं नाव जरा बाजूला ठेवू आणि तुमच्याकडे येणारी कामं बघू. पत्रात दोन कामं अशी आहेत की त्यांच्यावरूनच लेथ ठरतो.

पहिलं काम फ्लायव्हीलचं. नऊ इंच म्हणजे साधारण २२५ मिमी. हे बेडवर मावायला सेंटरची उंची (बेडपासून फिरण्याच्या मध्यरेषेपर्यंत) किमान साडेपाच-सहा इंच हवी, हे तुम्हाला सांगायला नको. पण मावण्यापेक्षा मोठी अडचण वेगाची आहे. बीड एचएसएस (हायस्पीड स्टील) टुलाने कापायचं तर कटिंग स्पीड मिनिटाला २२ मीटरच्या आसपास धरा. २२ ला १००० ने गुणून त्याला ३.१४ आणि २२५ च्या गुणाकाराने भागलं की येतात ३१ आरपीएम. कार्बाइड टीप लावलीत तरी शंभराच्या आसपासच. म्हणजे तुम्हाला तीस-पस्तीस आरपीएमवर दम न सोडता फिरणारा स्पिंडल (ज्यावर चक बसतो तो दांडा) हवा, आणि तो दम गिअरमधून किंवा बॅक गिअरमधून यायला हवा. नुसता मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक्सने खाली आणून तो मिळत नाही, कारण वेगाबरोबर मोटरची ताकदही उतरते. त्यात ओतीव फ्लायव्हीलच्या वरच्या थराला कडक साल असते. टूल त्या सालीखाली घुसलं पाहिजे. मोटर मरतुकडी असेल तर टूल सालीवर घासत राहतं आणि धार जाते.

दुसरं काम कडबाकुट्टीच्या शाफ्टचं. तीस-पस्तीस मिमी जाडीचा, दोन फुटांच्या आतबाहेर लांबीचा. इथे बरेचजण बेडची लांबी बघतात आणि फसतात. आपल्याकडे लेथ बेडच्या फुटांवर विकला जातो, पण साडेचार फुटी बेडवर हेडस्टॉक आणि टेलस्टॉक (उजवीकडचा, जॉबला सेंटरने टेकू देणारा भाग) बसल्यावर दोन सेंटरमध्ये राहतात दोन-सव्वादोन फूट. त्यात चक चार-पाच इंच खातो. मग दोन फुटी शाफ्ट चक आणि सेंटरमध्ये धरायचा म्हटलं की ओढाताण सुरू होते. तोच शाफ्ट स्पिंडलच्या भोकातून मागे जात असेल तर लांबीचा प्रश्नच मिटतो. म्हणून तुमच्यासाठी स्पिंडल बोअर हा आकडा बेडच्या फुटांपेक्षा मोलाचा आहे. पस्तीसचा शाफ्ट जायचा तर बोअर ३८-४० मिमी हवा. कॅटलॉगवर विसंबू नका, व्हर्निअर लावून स्वतः मोजा. काही स्पिंडलना मागच्या बाजूला बोअर थोडा लहान असतो, तेव्हा दोन्ही तोंडं मोजा.

या दोन कामांपुढे मिनी लेथ उभाच राहत नाही. सात बाय चौदा म्हणून जो मिळतो त्याचा स्विंग (मावणारा सर्वांत मोठा व्यास) १८० मिमी, स्पिंडल बोअर २० मिमी, वजन चाळीस किलोच्या आसपास. तुमचं फ्लायव्हील त्यावर चढणार नाही आणि शाफ्ट आत जाणार नाही. मुलाला दुखवू नका, त्याचं म्हणणं चुकीचं नाही. घड्याळाचे भाग, पेनांच्या पितळी नळ्या, मॉडेलचे छोटे व्हॉल्व्ह करणाऱ्याला, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तर नक्कीच, तो लेथ पुष्कळ उपयोगी आहे. तुमची जागा आणि कामं वेगळी आहेत, इतकंच.

राहिला राजकोटचा नवा. राजकोट, बटाला, लुधियाना इथे लहान-मोठे कितीतरी लेथ बनवणारे आहेत आणि त्यांच्यामुळेच आपल्या तालुक्यातालुक्यांतली वर्कशॉपं उभी राहिली. त्यांना नावं ठेवायची मला इच्छा नाही. पण एकाच गावात उत्तम मशीनही मिळतं आणि घाईत जुळवलेलंही, आणि रंग दोघांचा सारखाच असतो. घाईच्या मशीनमध्ये कास्टिंग पुरेसं मुरलेलं नसतं, त्यामुळे बेड वर्षा-दोन वर्षांत हळूहळू आकार बदलतो. सॅडलखाली (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) स्क्रेपिंग, म्हणजे हाताने खरवडून जुळवणं, नावापुरतं असतं. शिवाय कोटेशन नीट वाचा. मशीनच्या किमतीत बहुधा मोटर नसते, चक नसतो, कधी टूल पोस्टही वेगळं लावलेलं असतं. ट्रू चक (तीन जबड्यांचा), डॉग चक (चार सुट्या जबड्यांचा), फेस प्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार), मोटर, स्विच, जीएसटी, वाहतूक हे सगळं मिळवल्यावर किंमत कुठे जाते ते कागदावर मांडा. नवाच घ्यायचा ठरलं तर कारखान्यात जाऊन, मशीन चालू करून, कट मारून घ्या. फोटो बघून आगाऊ पैसे भरू नका.

मग मी काय घेईन? मी यातला एकही घेणार नाही. मी थोडा थांबेन आणि मध्यम आकाराचा, ऑल गिअर (वेग पट्ट्याऐवजी गिअरने बदलणारा), वापरलेला लेथ शोधेन. सेंटरची उंची सहा ते सात इंच, बेड साडेचार ते पाच फूट, वजन सहाशे ते नऊशे किलो, खालचा वेग तीस-चाळीसच्या घरात, बोअर चाळीसच्या आसपास. इतकं वजन चेन ब्लॉक आणि पाइपच्या तुकड्यांवर चार माणसं नीट हलवू शकतात, आणि सहा इंचांचा काँक्रीटचा थर त्याला पुरतो.

हा शोधायचा कुठे? कोल्हापूरचं उद्यमनगर तुम्हाला जवळ आहे, तिथून सुरुवात करा. पुण्यात भोसरीच्या बाजूला जुन्या मशीनचे व्यापारी आहेत. पण व्यापाऱ्याकडे यायच्या आधीच मशीन गाठता आलं तर उत्तम. आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजं जुनी मशिनरी लिलावात काढतात. कंपन्यांच्या टूल रूम बदलतात. तुमच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून ठेवा, आजूबाजूच्या कारखान्यांत काय निघतंय ते त्यांना महिनाभर आधी कळतं.

मशीन कुठून आलंय यावरून त्याचं दुखणं ओळखता येतं. उत्पादनातला लेथ वर्षानुवर्षं एकच जॉब करतो, म्हणून त्याचा बेड चकापुढच्या फूट-दीड फुटात झिजलेला असतो आणि टेलस्टॉककडे नवाकोरा. आयटीआयचा लेथ झिजलेला कमी असतो, पण ठोकलेला जास्त. कंपाउंडवर (टूल पोस्टखालच्या छोट्या स्लाइडवर) चकाचे घाव, क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर) ड्रिलची भोकं, गिअरचे दात तुटलेले. टूल रूमचा लेथ बहुतेक वेळा सर्वांत चांगला निघतो, कारण तो एका-दोघांच्याच हातात राहिलेला असतो. साखर कारखान्यांच्या मेंटेनन्सचा लेथ कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगावं? गळीत हंगामात रात्रंदिवस, आणि हंगाम संपला की तेल लावून झाकलेला.

जुन्यात किर्लोस्करचे लेथ दिसतील, एंटरप्राइज किंवा टर्नमास्टर नावाचे. म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये हरिहरला सुरू झाली आणि त्यांचं बीड फार चांगलं होतं. ती कंपनी आता नाही, त्यामुळे सुटे भाग करून घ्यावे लागतात. तुमच्यासारख्या माणसाला हाफ नट (आटे काढताना सॅडल लीड स्क्रूला जोडणारा) किंवा क्रॉस स्लाइडचा नट करून बसवणं जड नाही, पण हेडस्टॉकचा गिअर तुटला तर तो कापून घ्यायला बाहेर जावं लागेल. म्हणून हेडस्टॉक शाबूत असलेलाच घ्या.

आता बघायला जाल तेव्हा काय करायचं. टर्नरला मशीन तपासायला शिकवावं लागत नाही, पण चालवणाऱ्याची नजर आणि विकत घेणाऱ्याची नजर यांत फरक असतो, म्हणून क्रमाने लिहितो. बरोबर मॅग्नेटिक बेस आणि डायल (बारीक हालचाल दाखवणारा काटा), दोन मायक्रोमीटर, तीस मिमीचा एमएसचा (साध्या पोलादाचा) दोन फुटी तुकडा, पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करायचं), टॉर्च आणि चिंधी न्या. मशीन गरम करून ठेवू नका असं आधीच फोनवर सांगा.

ताज्या रंगाला भुलू नका. वेवर, म्हणजे सॅडल सरकते त्या बेडच्या पट्ट्यांवर, बोट फिरवा. चकाच्या बाजूला, बेडच्या मागच्या कडेला, जिथे सॅडल पोचत नाही तिथला न झिजलेला पट्टा आणि शेजारचा झिजलेला भाग यांच्यामध्ये पायरी नखाला लागते का बघा. मग सॅडल चकाजवळ आणा, कॅरेज लॉक इतपतच आवळा की सॅडल जड सरकेल, आणि तसंच टेलस्टॉककडे न्यायला लागा. बेड सारखा असेल तर जडपणा सारखा राहील. चकाजवळ झिजला असेल तर पुढे जाता जाता सॅडल घट्ट होत होत अडकेल. किती अंतरावर अडकतं त्यावरून झीज किती ते कळतं.

पुढे स्पिंडल. डायल चकाच्या जॉवर (जबड्यावर) लावू नका, चकाचा दोष स्पिंडलच्या माथी बसेल. चक काढायला सांगा आणि स्पिंडलच्या नोजवर (पुढच्या टोकावर), मशीन केलेल्या जागी डायल लावा. हाताने फिरवून रनआउट (फिरताना किती डगमगतं) बघा. मग लाकडाचा दांडा खाली घालून स्पिंडल वर उचलायचा प्रयत्न करा. एक-दोन शंभरांश मिलिमीटर हलला तर चालेल. पाच हलला तर बेअरिंगचं सेटिंग तरी गेलंय किंवा बेअरिंग तरी. नंतर सगळ्यात वरच्या वेगावर वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. तेवढ्यात चहा घ्या, पण कान हेडस्टॉककडे ठेवा. बंद करून बेअरिंगच्या जागी तळहात ठेवा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. प्रत्येक गिअर टाकून बघायचाच, एकही सोडायचा नाही, आणि उलट्या दिशेनेही.

मग कट मारा. तीस मिमीचा तुकडा चकातून चार इंच बाहेर काढा, टेलस्टॉक न लावता हलका कट घ्या, त्याच मापावर दुसऱ्यांदा टूल फिरवा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. शंभर मिमीत दोन-तीन शंभरांशाचा टेपर आला म्हणून मशीन नाकारू नका. व्यापाऱ्याच्या गोदामात ते वाकड्यातिकड्या जमिनीवर उभं असतं, बेड पिळलेला असतो, आणि लेव्हल केल्यावर तो टेपर पुष्कळदा जातो. पण त्याच जागी मायक्रोमीटर फिरवून मोजलंत आणि माप बदललं, म्हणजे जॉब ओव्हल आला, तर ते लेव्हलने जात नाही. ते स्पिंडलचं दुखणं आहे. टेपर मी माफ करतो, ओव्हल करत नाही.

फेसिंगही (जॉबचं तोंड सपाट कापणं) करून बघा. मोठ्या तोंडाच्या जॉबवर पट्टी आडवी धरली की तोंड सपाट किंवा अगदी किंचित खोलगट यायला हवं. मध्ये फुगीर आलं तर क्रॉस स्लाइड काटकोनात राहिलेली नाही, आणि फ्लायव्हीलच्या कामात हा दोष रोज त्रास देईल. शेवटी पार्टिंग. पॉवर फीड न लावता, हाताने, तीसचा तुकडा कापून बघा. स्पिंडल, क्रॉस स्लाइड, कंपाउंड, टूल पोस्ट यांतली कुठलीही ढिलाई पार्टिंगमध्ये लपत नाही, लगेच चॅटर (थरथर) येतो. क्रॉस स्लाइडच्या हँडलचा बॅकलॅश (रिकामा खेळ) जास्त असला तर मात्र त्यावरून किंमत पाडा आणि मशीन घ्या. तो नट तुम्ही घरी कराल.

टेलस्टॉकसाठी जुनी युक्ती पुरेशी आहे. दोन्ही सेंटरांच्या टोकांमध्ये पातळ स्टीलची पट्टी हलकेच धरा. पट्टी कलली की टेलस्टॉक बाजूला किंवा खाली गेलाय. बाजूला गेलेला स्क्रूने येतो. खाली गेलेल्याला शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागते.

लीड स्क्रू (आटे काढताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) बघताना एक गोष्ट विसरू नका. जुन्या मशीनवर बहुधा इंची लीड स्क्रू असतो, इंचाला चार आटे. त्यावर मेट्रिक आटे काढायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि १२७ म्हणजे बरोबर २५.४ ची पाचपट. हा गिअर सेटमध्ये आहे का विचारा. तो असला तरी इंची स्क्रूवर मेट्रिक आटा काढताना हाफ नट सोडता येत नाही. टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवूनच परत यावं लागतं. तुमच्या मॉडेलचे आटे कुठल्या मापाचे आहेत त्यावर हे किती जाचेल ते ठरेल. चेंज गिअरचा पूर्ण सेट, फेस प्लेट, डॉग चक, स्टेडी आणि त्यांच्या चाव्या मशीनबरोबरच गाडीत चढवा. “नंतर पाठवतो” म्हटलेली स्टेडी क्वचितच येते, आणि त्या मापाची दुसरी मिळत नाही.

विजेचं सांगतो. असा लेथ बहुधा दोन एचपीच्या थ्री फेज मोटरसह येईल. तो तुमच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजची थ्री फेज करून मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून चालतो, पण एक अट आहे. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, आणि आपल्या मोटरी ४१५ च्या असतात. मोटरच्या तिन्ही वाइंडिंग जोडायच्या स्टार आणि डेल्टा अशा दोन पद्धती आहेत. लहान मोटरी सहसा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्याच डेल्टामध्ये जोडल्या की २३०-२४० वर पूर्ण ताकदीने चालतात. म्हणून टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का बघा आणि नेमप्लेटचा फोटो काढा. तीनच टोकं असली तर वाइंडिंगवाल्याकडून बाकीची तीन बाहेर काढून घ्यावी लागतील. व्हीएफडीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायरची लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. घराच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर हे लटकवायचं नाही. व्हीएफडी असला तरी वेग कमी करायला आधी गिअर वापरा, व्हीएफडीने फक्त मधलं माप साधा. फार खाली नेलेली मोटर ताकदही सोडते आणि पंखा मंदावल्याने तापतेही.

आणि इथे कळकळीने सांगतो. स्पिंडलचं नोज आट्याचं असेल, तर व्हीएफडीने झटक्यात ब्रेक लावणं किंवा एकदम उलटं फिरवणं टाळा. चक आट्यावरून सुटून बाहेर येतो. थांबायचा वेळ तीन-चार सेकंदांचा ठेवा. तुमचे कित्येक वर्षांचे हात कारखान्यातल्या मशीनला सरावलेले आहेत, त्यामुळे हे मुद्दाम लिहिलं. शेडमध्ये एकटे असता, हाताशी हेल्पर नसतो. म्हणून लाल इमर्जन्सी बटण गुडघ्याच्या उंचीवर लावून घ्या, दोन्ही हात अडकले तरी पायाने दाबता येईल असं. शेजारची मुलं बघायला येतात तेव्हा त्यांना चकाच्या रेषेत उभं राहू देऊ नका.

मशीन आणताना जुन्या लेथचं कलंडणं आठवत असेलच. लेथ वरून जड असतो, आणि हेडस्टॉककडे जास्त जड. उचलताना पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रू आणि फीड शाफ्ट पट्ट्याखाली दबता कामा नयेत, एकदा वाकले की आयुष्यभर त्रास. सॅडल आणि टेलस्टॉक मागे सरकवून, लॉक करून, तोल साधा. शेडमध्ये लावताना भिंतीपासून मागे हात जाईल इतकी जागा ठेवा आणि हेडस्टॉकच्या डाव्या बाजूला शाफ्ट बाहेर येण्यापुरती. दहा बाय चौदामध्ये लांब भिंतीला लावलात तर हे बसतं. लेव्हलसाठी गवंड्याची लेव्हल चालत नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी प्रिसिजन लेव्हल कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा, बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पिळ काढा. महिन्याभराने पुन्हा तपासा, नवं काँक्रीट थोडं बसतं. फ्लायव्हीलला हात त्यानंतरच लावा.

पैशांचं गणित साधं ठेवा. दीड लाखातले नव्वद हजार ते एक लाख मशीनला, बाकीचे वाहतूक, काँक्रीट, व्हीएफडी, वायरिंग आणि टुलांना. चकाचे जॉ बघून वाटलं तर नवा ट्रू चक घ्या. टुलांसाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारलीत तर सगळं एका जागी मिळेल. मॉडेलच्या कामाला एचएसएसच घ्या, तुम्हाला धार लावता येते आणि हलक्या कटाला ती कार्बाइडपेक्षा बरी.

जुन्या लेथबद्दल. चांगला बेड असता तर ग्राइंडिंग करून घ्या म्हटलं असतं. पण बेड ग्राइंड केला की सॅडल खाली बसतं, मग लीड स्क्रू, फीड शाफ्ट, रॅक या सगळ्यांशी त्याची उंची चुकते, आणि सॅडलखाली पट्टी चिकटवून ती पुन्हा जुळवावी लागते. तडकलेल्या हेडस्टॉकच्या, पट्ट्याच्या लेथवर हा खर्च करू नये. वडिलांची आठवण म्हणून ठेवायचा असेल तर ठेवा, त्याला कारणाची गरज नाही. द्यायचाच असेल तर नवा लेथ लागून, चालून, आट्यांचं पहिलं काम निघेपर्यंत तो भंगारात घालू नका. त्याची टूल पोस्ट, सेंटरं, ड्रिल चक, डॉग कॅरिअर नव्यावर उपयोगी पडतील, मोर्स टेपर (त्यांच्या निमुळत्या बुडाचं माप) जुळतो का तेवढं बघा.

आणि काकूंची अट. ऑल गिअर लेथ वरच्या वेगावर आवाज करतोच, पट्ट्याच्या जुन्या लेथपेक्षा जास्त. हेडस्टॉकमध्ये योग्य ग्रेडचं तेल पातळीपर्यंत भरलं, चेंज गिअरमध्ये कागदाची पट्टी जाईल इतका खेळ ठेवला आणि मशीन काँक्रीटवर घट्ट बसवलं, की आवाज पुष्कळ उतरतो. शेडच्या पत्र्याला आतून थर्माकोल किंवा इन्सुलेशनची शीट लावून घ्या. आवाज घराकडे कमी जाईल, आणि हिवाळ्यात पहाटे पत्र्याखाली जमणारं दव बेडवर ठिबकणार नाही. मशीन झाकायला सुती चादर वापरा. प्लॅस्टिकखाली ओल अडकते आणि गंज चढतो.

बघायला जाल तेव्हा नेमप्लेट, बेडचा चकाजवळचा भाग आणि मोटरचा टर्मिनल बॉक्स यांचे फोटो काढून पाठवा. व्यवहार करण्याआधी मी नजर टाकेन.